साहेबांची गाडी आणि दोन घागरी पाणी

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, "मिस्त्री, गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." गमती पुष्कळ आहेत. एक सांगतो आणि मग जे लिहायला बसलोय त्याच्याकडं वळतो. न्हाईतर गमतीतच पानं भरतील आणि मी पुन्हा एकदा सुटून जाईन. सुटून जायची मला जुनी सवय आहे.

लातुरात चाळीस वर्षं माझं गॅरेज होतं. हणमंत मिस्त्री म्हटलं की रिक्षावाला न विचारता आणून सोडायचा. पण माझं नाव झालं ते गाडी दुरुस्त करण्यापेक्षा गाडी बघण्यात. आमच्याकडं जुनी गाडी घ्यायची म्हटली की माणूस एकटा जात नाही, मिस्त्रीला सोबत नेतो. सोयरिकीला मामाला नेतात, तसं. मिस्त्री गाडीभोवती फेरी मारतो, बॉनेट उघडतो, कान लावतो, हुंगतो आणि शेवटी एकच बोलतो, "घ्या" किंवा "ऱ्हाऊ द्या". त्यापुढं घेणारा काही विचारत नाही. गाडी घरी आली की तिच्यापुढं नारळ फोडतात आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपी करतात. माझ्या घरात एवढे टॉवेल साठले होते की बायको म्हणायची, आता एक दुकानच टाका.

काय बघायचं असतं, ते बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. इंजिन थंड असताना चालू करून बघायचं. आपण यायच्या आधीच कुणी ते गरम करून ठेवलं असेल, तर त्याला काहीतरी लपवायचं असतं. मग मागं जाऊन धूर बघायचा. निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा असेल आणि थांबतच नसेल तर आत पाणी शिरतंय. आणि ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतल्या अंगानं बोट फिरवायचं. बोटाला काळं ऑइल लागलं तर ठीक. पांढुरकी साय लागली, तर समजायचं की इंजिनाला कुठंतरी चीर गेलीय आणि रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये मिसळून राहिलंय. असं इंजिन पाणी धरत नाही, कितीबी ओता.

गाडी घेणाऱ्यानं तीन गोष्टी तोलायच्या. वाटेत थांबणार नाही ना, बसायला कशी आहे आणि नाव कुणाचं आहे. मी सगळ्यांना सांगायचो, याच क्रमानं तोला. लोक हमखास उलट्या क्रमानं तोलायचे. एक डाळमिलवाले शेठ होते, ते गाडी बघायला जाताना मेव्हण्याला न्यायचे. मेव्हणा चांगला अडीच माणसांएवढा. त्याला मागच्या सीटवर बसवायचं, दार लावायचं आणि खिडकीतून विचारायचं, "कसं वाटून राहिलंय रे?" मेव्हणा "मस्त" म्हणाला की सौदा पक्का. मी म्हणायचो, "शेठ, इंजिन तर बघू द्या." तर म्हणाले, "इंजिनवर मी थोडाच बसणार हाय?" तीन वर्षांत तीन गाड्या घेतल्या त्यांनी आणि तिन्ही माझ्याच गॅरेजात येऊन पडल्या. त्यांना मी माघारी लई हसायचो. हसायची माझी लायकी नव्हती, हे मला मन्मथअप्पांच्या गाडीनं दाखवलं.

मन्मथअप्पा लोह्याचे. बाजारात कापडाचं दुकान, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला पुढं वाकून ऐकावं लागायचं. माझी बहीण लोह्यात दिलेली, त्यातून ओळख. अप्पांना एकच लेक, महानंदा, घरात नंदा. लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि खाली जड बूट. पोरगी हुशार. घरी अभ्यास करून बी.ए.ची परीक्षा बाहेरून देत होती. परीक्षा नांदेडला. लोह्याहून तासाभराचा रस्ता, पण गर्दीच्या एसटीत तिला चढता यायचं नाही, म्हणून अप्पा भाड्यानं जीप ठरवायचे. आता परीक्षा आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. आदल्या वर्षी शेवटच्या पेपरच्या सकाळी जीपवाला वऱ्हाड घेऊन निघून गेला. पोरगी पट्ट्या बांधून ओट्यावर बसून राहिली आणि तिचं वर्ष गेलं.

त्यानंतर अप्पा माझ्या गॅरेजात आले. तो काळ असा, की लातूर जिल्हा नुकताच झालेला. जिल्हा झाला म्हणून आम्ही फटाके उडवले, पेढे वाटले आणि पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. एकीकडं नवीन हापिसं, नवीन पाट्या, पुण्याकडून बदलून आलेले साहेब. दुसरीकडं आटलेल्या विहिरी आणि टँकरमागं घागरींच्या रांगा. साहेब आणि टँकर आम्हाला एकदमच मिळाले.

"शरणार्थ, मिस्त्री," अप्पा म्हणाले आणि टायरवर टेकले. "मला गाडी घ्यायची हाय. नरम गादी नको, मोठं नाव नको. वाटंत थांबायची न्हाई, तेवढी बघा. नंदीचा एक पेपर बुडता कामा न्हाई."

त्यांनी मग सगळं सांगितलं. लोह्याच्या शाळेत एक जागा निघणार होती. नंदा यंदा बी.ए. झाली आणि लगेच बी.एड.ला गेली, तर जागा तिच्यासाठी राखून ठेवतो, असा शब्द शाळेच्या माणसांनी दिला होता. घरापासून चार पावलांवर शाळा. अप्पांना एवढंच पाहिजे होतं, की आपल्यामागं पोरगी कुणाच्या दारात नको. गाडीसाठी त्यांनी दुकानामागची जागा विकायला काढली होती.

मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही फिकीर करू नका. माझ्यावर सोडा." त्यांनी खरंच सोडलं.

पहिली गाडी बघितली नांदेडला, एका सरदारजींची जीप. दिसायला म्हणजे आनंदच. ताडपत्री फाटलेली, रंग उडालेला, मागं लाकडी फळीवर रेक्झिन ठोकून सीट केलेली. नंदाही सोबत आली होती. सकाळची वेळ, इंजिन थंडगार. सरदारजींनी किल्ली माझ्याच हातात दिली. अर्ध्या फेऱ्यात चालू. धूर नाही. झाकणाच्या आत बोट फिरवलं, काळं कुळकुळीत. मी अर्धा तास कान लावून उभा राहिलो, खोट सापडेना.

"मिस्त्रीजी, सीट मत देखो," सरदारजी म्हणाले. "ये गाडी मेरेकू कभी रस्ते में छोडी नै."

नंदा दोन्ही हातांनी दांडी धरून आत चढली. सरदारजींनी तिला एक चक्कर मारून आणली. उतरून म्हणाली, "मला चालंल, काका. थोडं आदळतंय, पण चालंल."

आता "घ्या" म्हणायचं, एवढंच काम होतं. आणि मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या, अप्पा. पोरीची हाडं खिळखिळी होतील. आणि हे डबडं तुमच्या दारात शोभत न्हाई."

खरं सांगतो, अप्पांच्या दाराचा मला काही पुळका नव्हता. लोह्यात माझी बहीण, तिचे सासरे, दीर, सोयरेधायरे. हणमंत मिस्त्रीनं काय घेऊन दिलं हे बघायला सगळा बाजार जमणार होता आणि तिथं मला हे डबडं उभं करायचं नव्हतं. त्यात आदल्याच दिवशी खबर लागली होती, की नवीन जिल्ह्याला आलेल्या एका साहेबांची गाडी विकायची आहे.

गाड्यांच्या कंपन्यांची नावं मी घेत नाही. जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. साहेबांची गाडी पांढरी, काचांना पडदे, मागची गादी अशी की माणूस बसला की निम्मा आत. त्या नावाची गाडी रस्त्यानं गेली की लोक बाजूला होऊन बघायचे. आम्ही तिघं साहेबांच्या बंगल्यावर गेलो. अप्पांना आणि नंदाला खुर्च्या होत्याच. मी सवयीनं पायरीशी उभा राहिलो. तर साहेब स्वतः उठले. म्हणाले, "या मिस्त्री, या. बसा ना." शिपायाला खुर्ची आणायला लावली.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तोवरच्या आयुष्यात कुठल्या साहेबानं मला खुर्ची दिली नव्हती. गाडीखाली झोपणारा माणूस मी, माझ्याशी लोक माझे पाय बघत बोलायचे. मळक्या पँटीचा डाग पडेल म्हणून मी काठावर टेकलो. अप्पांना दिला तसल्याच कपबशीत मला चहा आला. साहेब म्हणाले, "लातुरात चांगला मिस्त्री कोण विचारलं, की सगळे तुमचंच नाव घेतात. आमच्या ऑफिसच्या गाड्याही कुणाला तरी द्याव्याच लागतील की." बस्स. तेवढ्यावर मी विकला गेलो. पाच पैसे हातात न घेता.

मग गाडी बघितली. बॉनेटला हात लावला, गरम. ड्रायव्हर म्हणाला, "आत्ताच पेट्रोल भरून आणली." मी झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला साय लागली. पांढुरकी, जाड. पावसाळ्यात दमट हवेनं कधीकधी थोडी येते, हे खरं आहे. पण त्या वर्षी लातुरात दमट म्हणावं असं काही नव्हतं, मी नुकतीच खाली ठेवलेली चहाची बशी सोडली तर. कुणीतरी ही गाडी पाणी न बघता तापवली होती, इंजिनाच्या हेडला चीर गेली होती आणि वरवर लिंपून ठेवली होती. साहेबांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. ड्रायव्हरला माहीत होतं. तो माझ्या बोटाकडं बघत होता. मी बोट फडक्याला पुसलं, झाकण लावलं आणि म्हणालो, "घ्या."

अप्पांनी तरी विचारलं, "थांबायची न्हाई न्हवं, मिस्त्री?"

"साहेबलोकांची गाडी हाय, अप्पा. निगराणीतली."

त्यांनी विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं दुसरंच. अप्पा भोळे, त्यांना ते कळलं नाही. नंदा मागच्या गादीवर बसून बघत होती. म्हणाली, "लई मऊ हाय. इंजिन त्या जीपसारखंच हाय ना, काका?" मी म्हणालो, "त्याच्यापेक्षा सरस."

लोह्यात गाडी आली तेव्हा बाजार जमला. नारळ फुटला. मला टॉवेल-टोपी झाली, बहिणीचा चेहरा फुलून आला. पंधरा दिवसांत अप्पांचा निरोप, "मिस्त्री, ही पाणी लई पिऊन राहिलीय." मी हसून सांगितलं, "उन्हाळा हाय, अप्पा. माणसं पिऊन राहिलीत, गाडीनं काय घोडं मारलंय?" गॅरेजातली सगळी माणसं हसली. तिकडं अप्पांच्या घरी टँकरच्या पाण्यातले चार तांबे रोज सकाळी गाडीसाठी बाजूला निघायला लागले. ते नंदा स्वतः नेऊन ओतायची.

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही हेड उघडून बघितलं? उघडलं असतं तर जुनी चीर सगळ्यांसमोर आली असती. हे हेड नवीन फुटलेलं नाही, घेतानाच फुटकं होतं, हे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. म्हणून मी पुढं ढकलत राहिलो. ऑफिसच्या गाड्यांचं काम मला मिळालं नाही ते नाहीच. महिनाभरात साहेबांची बदली झाली.

परीक्षा सुरू झाली. पहिले तीन पेपर गाडीनं कसेबसे काढले. चौथ्याच्या आधी अप्पांची चिठ्ठी आली, की गाडी आता फार तापते, भीती वाटते. मी उत्तर पाठवलं, "मी स्वतः येऊन चालवतो." लोह्यात सगळे म्हणाले, बघा, माणूस असावा तर असा.

हा चौथा, शेवटचा पेपर अकरा वाजता होता. आम्ही आठलाच निघालो. मी चालवायला, शेजारी अप्पा, मागं नंदा पुस्तक मांडीवर घेऊन. मी हळूहळू नेत होतो, उतारावर इंजिन बंद करत होतो. अर्धा रस्ता गेला. मग एका गावापाशी बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी आचका देऊन थांबली. मागं वळून बघितलं, तर सायलेन्सरमधून पांढरा धूर. थांबेचना.

मला त्याच क्षणी माहीत होतं, की ही गाडी आज नांदेड बघत नाही.

आणि नेमकी तेव्हाच मागून एसटी आली. अप्पा हात वर करून रस्त्यात धावले. ड्रायव्हरनं बस थांबवली. बस भरलेली होती, दारात माणसं लोंबकळत होती, पण थांबली. कंडक्टर ओरडला, "चला, लवकर करा!" नंदानं दार उघडून बूट खाली टेकवलासुद्धा.

मी म्हणालो, "अप्पा, ह्या गर्दीत पोरगी चिरडंल. जाऊ द्या बस. धा मिंटात गाडी चालू करून देतो."

का म्हणालो? पोरगी बसमधून गेली असती, तर गाडी फसली हे कबूल झालं असतं. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही, मी फार शोधलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, कंडक्टरला हात जोडले आणि बस गेली.

मग पाणी. रस्त्याकडंला चार-पाच घरं होती. बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्या गावात टँकर दोन दिवसांनी येणार होता. मी म्हणालो, "बाई, घागरभर पाणी द्या, गाडीला." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "प्यायाला न्हाई आन् गाडीला?" तेवढ्यात एक तिशीची बाई पुढं आली, तिनं खिडकीतून आत बघितलं. पुस्तक बघितलं, पायाच्या पट्ट्या बघितल्या.

"पेपर हाय व्हय पोरीचा?"

नंदानं मान हलवली. बाई घरात गेली आणि कमरेवर घागर घेऊन आली.

मी इंजिन निवायची वाट बघितली, फडकं लावून रेडिएटरचं तोंड उघडलं आणि घागर ओतली. सेल मारला. इंजिन धडधडलं आणि सगळं पाणी तोंडातून कारंज्यासारखं उसळून रस्त्यावर सांडलं. मातीनं ते गट्ट केलं. बाया ओल्या मातीकडं बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तरी बोलायला पाहिजे होतं. साडेनऊ होत आले होते. मी म्हणालो, "अजून एक लागंल."

ती बाई म्हणाली, "घरात आता येवढी एकच हाय." आणि तीही आणून दिली.

दुसरी घागरही मी ओतली. ती निम्मी वाफ झाली आणि निम्मी ऑइलमध्ये गेली. मी उगाच प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले. पाने हातात घेऊन इकडून तिकडं फिरलो. मला येतं ते सगळं नाटक मी केलं. दुसरी बस आली ती थांबलीच नाही. एक ट्रक गेला, त्यानं हात हलवून नाही म्हटलं. दहा वाजून गेले. नंदानं पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती.

शेवटी अकरा वाजायला आले तेव्हा मागच्या गावात पाणी टाकून नांदेडला परत चाललेला रिकामा टँकर आला. ड्रायव्हरनं थांबवला. केबिनची पायरी छातीएवढी उंच. मी आणि त्या बाईनं मिळून नंदाला खालून उचललं. टँकर जुना, चढाला बैलगाडीच्या वेगानं चालायचा. आम्ही कॉलेजच्या फाटकावर पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. अर्ध्या तासानंतर कुणाला आत सोडत नाहीत, असा नियम. अप्पांनी टोपी काढून हातात घेतली, पहारेकऱ्याला, मास्तरला, जो दिसेल त्याला विनवलं. त्यांचा तो हळू आवाज कुणाला ऐकूसुद्धा जात नव्हता. मी बाजूला उभा होतो.

नंदा रडली नाही. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली आणि बुटाचा पट्टा सैल करत राहिली. अप्पा परत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, तुमी लई केलं. आमचं नशीबच खोटं, तुमी काय करणार?"

गाडी मी ओढून लातूरला नेली, हेड बदललं आणि अप्पांना सांगितलं, "उन्हानं फुटलं." मजुरी घेतली नाही. त्याचाही लोह्यात गाजावाजा झाला. मिस्त्रीनं पोरीसाठी भर उन्हात किती धडपड केली, गाडी फुकट करून दिली, हे अप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. त्यावर मला लोहा-कंधारकडची कितीतरी गिऱ्हाइकं मिळाली. माझं गॅरेज त्या गाडीनं मोठं केलं, असं म्हटलं तरी चालेल. शाळेतली जागा दुसऱ्या कुणालातरी गेली. नंदा नंतर पास झाली, बी.एड. झाली, पण नोकरी मिळाली ती बिलोलीला. खोली भाड्यानं घेऊन एकटी राहिली, तिकडंच मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. पोरगी घरापासून चार पावलांवर असावी, एवढंच अप्पांनी मागितलं होतं. ते घडलं नाही.

मी त्यांच्याकडं जात होतो, जेवत होतो. दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. दर वेळी अप्पा समोरच्या माणसाला सांगायला लागायचे, "हे आपले हणमंत मिस्त्री, ह्यांनी आमच्या नंदीसाठी..." आणि मी ताटाकडं बघत राहायचो.

यंदा अप्पा गेले. नव्वदी ओलांडली होती. मी भेटायला गेलो तेव्हा नंदा एकटीच होती, केस पांढरे झालेले, काठी घेऊन चालते. आता कुणासाठी थांबायचं, म्हणून मी सगळं सांगितलं. साय, खुर्ची, बस, सगळं.

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पहिली घागर उसळून सांडली तेव्हापासून. सगळ्यांना नवल वाटलं. तुमच्या तोंडावर नवल नव्हतं."

"मग अप्पांना का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगायचं? त्यांनी जन्मात एका माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. तेवढा तरी राहू द्यावा म्हटलं." मग तिनं विचारलं, "ज्या बाईनं पाणी दिलं, तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी तिला आठवून मान खाली घालत होतो आणि नाव कधी विचारलं नव्हतं.

"चंद्रभागा," नंदा म्हणाली. "मी टँकरमध्ये चढतानाच विचारलं होतं. पहिल्या पगारातून लुगडं घेऊन गेले मी तिच्याकडं. त्या दोन घागरींपायी तिला सासूनं दोन दिवस घरात पाण्याला हात लावू दिला नव्हता, हे शेजारणीनं सांगितलं, ती नाही बोलली. तिनं एवढंच विचारलं, 'पेपर गावला का मग, पोरी?' मी हो म्हणाले. माझ्या माहितीतलं मी बोललेलं तेवढं एकच मोठं खोटं आहे, काका, आणि ते तुमच्या वाटचं आहे."

लाजेनं माणूस मरत नाही, म्हणून मी घरी आलो.

नंतर मी त्या गावी जाऊन आलो. रस्ता रुंद झालाय, ती घरं राहिली नाहीत. चंद्रभागाबाईंचं कुटुंब लेकाकडं पुण्याला की हैदराबादला गेलं म्हणतात, नक्की कुणाला सांगता आलं नाही. त्या असल्या तर सत्तरीला आल्या असतील. त्यांच्या घरातल्या कुणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांना वाचून दाखवा. चंद्रभागाबाई, पेपर गावला नाही. आणि तुमच्याकडं पाणी मागताना, पहिल्या घागरीला आणि दुसऱ्या घागरीलाही, ती गाडी चालणार नाही हे मला माहीत होतं.